हात नसलेल्या तसबिरी

आज जरा भांडायला बसले आहे. भांडण कुणा एका माणसाशी नाही, भिंतीशी आहे.

शाळा घ्या, ग्रामपंचायत घ्या, तहसील कचेरी घ्या, भिंतीवर वरच्या अंगाला ओळीने तसबिरी असतातच. मी ३४ वर्षे मास्तरकी केली, सगळी वणी तालुक्यात आणि शेजारच्या मारेगाव-झरीच्या बाजूला. या तसबिरींखाली उभे राहून किती भाषणे ठोकली आणि किती ऐकली त्याचा हिशोब नाही. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. जयंतीला बोलावतात, पहिल्या रांगेत खुर्ची देतात. भाषण करायचे नसते, नुसते बघायचे असते. आणि बघता बघता एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. या तसबिरींना हात नसतात.

हसू नका. पुढच्या वेळी नीट बघा. पगडी किंवा पदर, मग चेहरा, मग उपरण्याची घडी नाहीतर कोटाचे वरचे बटण, आणि तिथे चौकट संपते. छातीच्या खाली माणूसच नाही! आमच्यासोबत एक ड्रॉइंगचे सर होते, त्यांना मी एकदा कारण विचारले. ते म्हणाले, "बाई, चेहरा जमतो, बोटं जमत नाहीत. हात काढणं सगळ्यात कठीण. अन् फ्रेम असते लहान, हात दाखवले की चेहरा बारीक होतो." कारण अगदी साधे आहे. कुणाचा कट नाही.

पण परिणाम साधा नाही. धाडसी माणसाने धाडस केले ते हाताने. कुणाला अडवले, काहीतरी उचलले, कशावर तरी सही केली, नाहीतर सही करायला नकार दिला. हात कापले की काम गेले. काम गेले की ज्याच्या विरोधात ते काम केले, तोही चित्रातून निघून गेला. मग उरतो एक शांत, तेजःपुंज, छापखान्यात जरा गोरा केलेला चेहरा. त्याला हार घालायला कुणालाच अडचण नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्या माणसाला दगड मारले, त्यांनाही नाही. माझे भांडण आहे ते इथे.

सावित्रीबाईंपासून सुरू करते, कारण मी बाई, आणि शिक्षिका. ३ जानेवारीला बालिका दिन असतो. त्या तसबिरीत डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर समोर. बघून वाटते, एखाद्या घरंदाज कुटुंबातल्या सुखवस्तू काकू असाव्यात. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि दगड पडत, आणि त्या सोबत दुसरे लुगडे ठेवत, हे आपण भाषणात सांगतो. मुलेही पाठ करून सांगतात. पण "शेण मारणारे कोण होते?" असे विचारले की सभा गप्प. "काही लोक" असे उत्तर येते. काही लोक! जणू परगावाहून आले होते आणि मारून परत गेले.

त्याहून मोठी गोष्ट तर आपण सांगतच नाही. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. त्यातले एक नायगावहून लिहिलेले आहे, तारीख २९ ऑगस्ट १८६८. गावात गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण होता, आणि एका महार मुलीवर, सारजावर, त्याचे प्रेम बसले. मुलगी गरोदर होती. गावाने दोघांना पकडले, गावातून धिंड काढली आणि जिवे मारायचे ठरवले. सावित्रीबाईंना कळले तशा त्या धावत गेल्या आणि त्या जमावापुढे उभ्या राहिल्या. इंग्रज सरकारचा कायदा आहे, खून केलात तर परिणाम भोगाल, असे बजावले. दोघांचे जीव वाचले, आणि पुढे त्यांना जोतीरावांकडे पाठवले. एक बाई आणि समोर पेटलेला गाव!

सांगा, हे चित्र तुम्ही कुठल्या शाळेत पाहिले? मी तरी नाही. हे चित्र भिंतीवर लागले तर पाचवीतले पोरसुद्धा विचारेल, "बाई, ते लोक त्यांना कायले मारत होते?" आणि मग बाईंना उत्तर द्यावे लागेल. आजही आपल्या राज्यात जातीबाहेर लग्न केले म्हणून पोटच्या मुलीचा जीव घेतल्याच्या बातम्या येतात, हेही सांगावे लागेल. त्यापेक्षा पदर आणि कुंकू बरे. ते काही विचारत नाही.

आता आमच्या वणीचे. लोकनायक बापूजी अणे वणीचे, जन्म २९ ऑगस्ट १८८०. बाहेरगावच्या वाचकांना सांगते, माधव श्रीहरी अणे म्हणजे टिळकांच्या परंपरेतले वऱ्हाडचे मोठे पुढारी, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल. त्यांच्या चित्रात पागोटे असते आणि भारदस्त चेहरा असतो. राज्यपाल शोभतात खरे. पण १९३० च्या जुलैमध्ये याच माणसाने पुसदला जंगल सत्याग्रह केला. आपल्याकडे समुद्र कुठला, की मीठ उचलायचे? इथे शेतकऱ्याला टोचत होता तो जंगलाचा कायदा. गावाशेजारचे गवत, पण सरकारने राखीव केले म्हणून गुराच्या तोंडी लागू द्यायचे नाही. म्हणून अण्यांनी राखीव जंगलात शिरून गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. पन्नाशीचा, नावाजलेला वकील माणूस, वाकून गवत कापतो आहे. काढा ना हे चित्र!

आणखी एक सांगते. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. मोठी जागा, मोठा मान. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसच्या कैदेत २१ दिवसांचा उपास सुरू केला आणि सरकार त्यांना सोडेना. तेव्हा मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले : होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आमचे अणे. अण्यांची सगळी मते मला पटतात असे मुळीच नाही. पण राजीनाम्यावर सही करणारा तो हात मला माझ्या गावच्या मुलांना दाखवायचा आहे. खुर्ची मिळवणारे हात त्यांना रोज दिसतात. खुर्ची सोडणारा हात दिसत नाही.

आता कुणी म्हणेल, "बाई, तुम्हाला सगळ्याच तसबिरी वाईट दिसतात." तसे नाही. दोन तसबिरींना हात आहेत, आणि दोन्ही आपल्या विदर्भातल्या माणसाला अगदी घरच्या वाटतात.

एक गाडगेबाबांची. शेंडगावचे बाबा, अमरावती जिल्ह्यातले. अंगावर चिंध्या, हातात खराटा. खराट्याशिवाय गाडगेबाबा कुणी काढूच शकत नाही, काढले तर लोक ओळखणार नाहीत. त्यामुळे पहिलीतल्या मुलालाही कळते की हा माणूस झाडत होता. तो काय करत होता ते चित्रच सांगते, भाषणाची गरज नाही.

दुसरी बाबासाहेबांची. निळा कोट, एका हातात घटनेचे पुस्तक, दुसऱ्या हाताचे बोट समोर रोखलेले. हे चित्र कुणी काढायला लावले? कुठल्याही खात्याने नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, आणि तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक जातात. आमच्या वणीतूनही जातात. जाताना भाकरी बांधून नेतात आणि येताना पुस्तके नि फोटो घेऊन येतात. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी मी गेले आहे. कुडाची भिंत, त्यावर एकच फोटो, आणि तो स्वतःच्या मजुरीतून विकत घेतलेला. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते १२ एप्रिल १९९० ला, त्यांच्या निधनानंतर ३३ वर्षांनी. झोपडीतल्या भिंतीवर ते त्याच्या कितीतरी आधी लागले होते. आणि झोपडीतल्या माणसाने जे चित्र निवडले त्यात पुस्तक आहे, बोट आहे. ज्याला त्या माणसाची खरी गरज होती, त्याने त्याचे हात कापू दिले नाहीत.

(बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत इशारा दिला होता की राजकारणातली विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हार, नारळ, अगरबत्ती करताना एवढे आठवले तरी पुष्कळ झाले.)

आता वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला चला. वणीहून काही लांब नाही. बाबा आमटे आमच्या भागात सगळ्यांचे. पांढरी बंडी, पांढरी दाढी, हसरा चेहरा, खाली "कुष्ठरोग्यांचे कैवारी". हे खरेच आहे. आनंदवन त्यांनी आणि साधनाताईंनी ज्या हातांनी उभे केले, त्या हातांपुढे माझी मान खालीच आहे. पण हे अर्धे बाबा आमटे झाले. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षीच्या यादीत नेल्सन मंडेलांचे नाव होते, आणि मंडेला तेव्हा तुरुंगात होते. विचार करा, वरोऱ्याचे बाबा कुणाच्या पंक्तीला बसले होते! आणि १९९० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, पाठीच्या दुखण्याने धड बसताही येत नसताना, हा माणूस आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेला. धरणात गावे बुडणार त्या आदिवासींच्या बाजूने. त्याच डिसेंबरात मोर्चा घेऊन निघाले आणि गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवले गेले.

आनंदवनाचे बाबा भिंतीवर आहेत. फेरकुव्याचे बाबा नाहीत. जखम धुणारा माणूस सगळ्यांना आवडतो. ही जखम केली कुणी, असे विचारले की त्याच माणसाला लोक विकासविरोधी म्हणतात. धरण हवे की नको यावर वाद घाला, जरूर घाला. माझ्या स्वतःच्या घरात दोन मते आहेत. वीज मलाही लागते, आणि आमच्या वणीच्या कोळशाच्या खाणींनी किती गावांच्या जमिनी घेतल्या तेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण माणसाचे चित्र लावायचे तर पूर्ण लावा. निम्मे लावून वर "आम्ही त्यांचा आदर करतो" म्हणू नका.

आता ज्यासाठी एवढे लिहायला बसले ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या शाळेत गेले असते तरी वेगळे काही झाले नसते) विज्ञान दिनाला मुलांनी चित्रे काढली. आठवीतल्या एका मुलीने डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे चित्र काढले. कोळशाने काढलेले, साधेच, एक डोळा जरा मोठा. पण तिने हात काढले होते! दाभोलकर उभे आहेत, एका हातात पत्रक आहे, ते समोरच्याला देत आहेत. भिंतीवर लावण्यासाठी चित्रे निवडली त्यात हे बाजूला ठेवले. मुलीने विचारले तर उत्तर मिळाले, "चित्र चांगलं आहे बेटा, पण व्यक्ती वादग्रस्त आहे. यादीत नाव पण नाही." यादी म्हणजे कुणाकुणाच्या जयंत्या साजऱ्या करायच्या ते सांगणारे सरकारचे दरवर्षीचे परिपत्रक. पोर घरी येऊन रडली नाही. तिने फक्त आईला विचारले, "आई, वादग्रस्त म्हणजे काय वाईट काम केलेला माणूस असतो का?"

मंडळी, हा प्रश्न माझ्या पोटात रुतून बसला आहे.

दाभोलकरांनी काय वाईट काम केले? डॉक्टर माणूस, कबड्डीचा खेळाडू. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. बुवाबाजी आणि अघोरी प्रकार यांच्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे सरकारदारी खेटे घातले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला विठ्ठल रामजी शिंद्यांचे नाव आहे, ज्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध आयुष्य वेचले. खून झाला आणि त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला, त्याच डिसेंबरात आमच्या नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. जिवंतपणी जे मिळाले नाही ते मेल्यावर चार दिवसांत निघाले! १० मे २०२४ ला न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. पावणेअकरा वर्षे लागली.

कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे १६ फेब्रुवारी २०१५ ला पत्नीबरोबर सकाळी फिरून येत होते. गोळ्या लागल्या, चार दिवसांनी गेले. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराचा कायदा हातात घेऊन जमिनींचे घोटाळे उकरत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले होते. तिघेही सकाळी, तिघेही निःशस्त्र. हातात पत्रक, पुस्तक, अर्ज, एवढीच काय ती हत्यारे.

आणि आपण म्हणतो, वादग्रस्त. अहो, सावित्रीबाई वादग्रस्त नव्हत्या? शेण काय एकमताने पडत होते? जोतीराव वादग्रस्त नव्हते? तुकाराम महाराज? ज्याच्या नावाने वाद झाला नाही असा एकतरी माणूस त्या ओळीत दाखवा. सगळे वादग्रस्तच होते, फक्त वाद घालणारे मेले आहेत. म्हणजे आपण त्या माणसाच्या धाडसाचा मान ठेवत नाही. आपण नुसते थांबतो, त्याचा धाक संपेपर्यंत. धाक संपला की खिळा ठोकतो.

एक बाजू मला कळते, ती लिहिल्याशिवाय राहिले तर अन्याय होईल. मुख्याध्यापक भित्राच असतो असे नाही. त्याला संस्था सांभाळायची, गाव सांभाळायचे, उद्या कुणी चार जण घेऊन आला तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? कुणी नाही. दूर बसून "घाबरट" म्हणणे मलाही सोपे आहे, पेन्शन सुरू आहे माझी. पण मग निदान खरे कारण सांगा. "पोरी, मला भीती वाटते" असे सांगितले असते तर त्या मुलीला जग कसे आहे ते कळले असते, आणि दाभोलकर का मोठे तेही कळले असते. "वादग्रस्त" म्हटल्याने तिला एवढेच कळले की मेलेल्या माणसाचेच काहीतरी चुकले असावे.

"चित्राने काय होते हो?" असे म्हणणारेही भेटतात. आमच्या एका भाच्याने मागे लिहिले होते, "मावशी, फोटो लावून कुठे क्रांती होते का?" होत नाही रे बाबा. पण मग सरकारे चित्रांना भितात का? दक्षिण आफ्रिकेत मंडेला तुरुंगात होते त्या काळात कैद्यांचे फोटो छापायला कायद्याने बंदी होती. ११ फेब्रुवारी १९९० ला ते बाहेर आले तेव्हा आता हा माणूस दिसतो कसा, हे जगाला पहिल्यांदा कळले. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत मुले गायब झाली, तेव्हा १९७७ पासून त्यांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून राजधानीच्या चौकात दर आठवड्याला फिरू लागल्या. पुढे मुलांचे फोटो हे त्यांचे हत्यार झाले. पुण्यातही दाभोलकरांच्या खुनानंतर दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. फोटो हा असा धरायचा असतो. हातात, लोकांच्या डोळ्यांसमोर, जाब विचारत. उंच खिळ्यावर टांगला की त्याला तुमच्या डोळ्यांत बघता येत नाही.

आणि काही धाडसे अशी असतात की तिथे चेहरा काढताच येत नाही. १९७२ मध्ये वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा तो भाग चांदा जिल्ह्यात होता, आता गडचिरोलीत आहे. तिचे नाव कायद्याच्या पुस्तकात आहे, मी इथे लिहीत नाही. ती गप्प बसली नाही. खालच्या कोर्टात आरोपी सुटले, नागपूरच्या हायकोर्टात शिक्षा झाली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात पुन्हा सुटले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अशा पीडितेची ओळख छापू नये हा नियमही त्याच बदलाने आला.

तिचा चेहरा आपण काढणार नाही, काढूही नये. पण हात काढता येतात की नाही? तक्रारीवर अंगठा देणारा एक हात. पत्रावर सही करणारे चार हात. इतके पुरे आहे. ज्या मुलीच्या फिर्यादीतून देशाचा कायदा बदलला ती आपल्या विदर्भातली, आणि आपल्या एकाही शाळेत तिची एक ओळ नाही. नाव न घेता सांगता येणार नाही का? मी वर सांगितले तसे?

असो. नुसते भांडून उठले तर तुम्ही म्हणाल, बाईंना दोषच तेवढे दिसतात. मास्तरीण आहे, गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही.

पहिले. आहेत त्या तसबिरी काढू नका. प्रत्येकीखाली एक पाटी लावा, तीन ओळींची. या व्यक्तीने काय केले. तिला कुणी अडवले. तिचे कोणते काम अजून राहिले आहे. तिसरी ओळ दरवर्षी मुलांनी लिहायची, खडूने, म्हणजे बदलता येईल. खर्च शून्य.

दुसरे. छापील फोटो विकत आणण्यापेक्षा मुलांकडून काढून घ्या, आणि हात काढल्याशिवाय चित्र घ्यायचे नाही हा नियम करा. बोटे वाकडी आली तरी चालतील. ड्रॉइंगचे सर खरेच बोलले होते, हात काढणे कठीण आहे. म्हणून तर शिकायचे.

तिसरे. जिवंत माणसाचे चित्र लावायला शिका. आपल्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेला असे समीकरण आहे, म्हणून जिवंत माणसाचा फोटो लावणे अशुभ वाटते. मग हार घालू नका! हारावाचून चित्र पडत नाही. पण ज्यांना धमक्या येत आहेत त्यांचे चित्र आज लागले तर त्यांना निदान कळेल की कुठल्या तरी गावातल्या शाळेत आपल्याला ओळखतात. त्याने गोळी अडत नाही, मला माहीत आहे. पण एकट्या माणसाला मारणे सोपे असते, आणि ज्याला अख्खी शाळा ओळखते तो तितका एकटा नसतो.

चौथे आमच्या वणीकरांसाठी. वर दोनदा एकच तारीख आली, तुमच्या लक्षात आले का? सावित्रीबाईंचे नायगावचे पत्र २९ ऑगस्टचे, आणि बापूजी अण्यांचा जन्मही २९ ऑगस्टचा. तर येत्या २९ ऑगस्टला वणीतल्या एखाद्या तरी शाळेत दोन नवी चित्रे लागावीत : जमावापुढे हात आडवा करून उभ्या सावित्रीबाई, आणि राखीव जंगलात वाकून गवत कापणारे अणे. त्यांच्या शेजारी आठवीतल्या त्या मुलीचे कोळशाचे चित्र लावायची हिंमत कुठल्या शाळेला असेल तर मला कळवा. चित्र तिच्या आईने जपून ठेवले आहे. फ्रेमचे पैसे मी देईन.

आणि तुम्ही, जे पुण्या-मुंबईत, नागपुरात, न्यू जर्सीत बसून हे वाचता आहात, तुम्ही एवढेच करा. पुढच्या वेळी गावी गेलात की आपल्या जुन्या शाळेत एक चक्कर टाका. भिंतीवर कोण कोण आहे, कोण नाही, आणि किती जणांना हात आहेत, मोजा. खाली प्रतिक्रियेत लिहा. "छान लेख, ताई" एवढेच लिहिणाऱ्यांचे गुण कापले जातील.